गाळलेली नव्हे, मुरवलेली

"मामी, आई गेली," एवढंच विलास फोनवर बोलला. इंदापूरहून त्याच्या गावी, पिंपळीला, मी पोचेपर्यंत दुपार झाली. त्याला आता पाच आठवडे झाले. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुणी नावाजलेल्या बाई नव्हत्या. चार शेळ्या, थोडं रान आणि एक मुलगा, एवढाच त्यांचा संसार. पण त्यांच्यासारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, हट्टी माणसं मला नवीन नाहीत.

त्यांचा नवरा हातभट्टीच्या दारूनं गेला तेव्हा विलास नऊ वर्षांचा होता. त्या दिवसापासून दारूचा वास असलेलं माणूस उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, असा वन्संचा कायदा. सख्ख्या दिरालाही त्यांनी ओट्यावरूनच वाटेला लावलं होतं. आणि नव्वदनंतर आमच्या भागात द्राक्षबागा वाढल्या, तेव्हा बी.एस्सी. झालेल्या विलासला नोकरी लागली ती नेमकी वाइनच्या कारखान्यात! पेढे घेऊन आलेल्या पोराला त्यांनी दारातच अडवलं.

"तितं दारू गाळत्यात न्हवं?"

"गाळत न्हाईत आई, मुरवत्यात."

"लोणचं हाय व्हय मुरवायला?"

पेढ्यांचा पुडा ओट्यावर राहिला आणि विलासही. बारामतीत खोली घेऊन तो दर रविवारी यायचा. भाकरी गरम मिळायची, कालवण भरपूर, पण ताट ओट्यावर. आठ महिने हे चाललं. आई झुरत होती, लेक झुरत होता, कबूल मात्र कुणी करत नव्हतं. माझा जीव तुटायचा.

अशात कारखान्यात मशिनं बसवायला फ्रान्सहून एक माणूस आला. त्यानं विलासला आपल्या आईची कृती सांगितली, रेड वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. विलासनं ती मराठीत उतरवली, एक बाटली घेतली आणि मध्यस्थ म्हणून मला पिंपळीला नेलं. ओट्यावर बसून मी कागद वाचला. म्हातारा कोंबडा घ्यावा, असं त्यात होतं. वन्संची मान हलली. "म्हंजी त्यांच्यातबी ब्रॉयलर चालत न्हाय." लहान कांदे, गाजर, अळंबी, इथवर ठीक होतं. मग कागदात अख्खी बाटली वाइन आली आणि वन्सं उठून उभ्याच राहिल्या.

"वैनी, तुमी शिकलेल्या. खरं सांगा, उकळल्यावर दारू ऱ्हाती का?"

"सगळी उडून जाते," मी छाती ठोकून सांगितलं. थोडी राहते, हे मला तेव्हाही माहीत होतं. वन्संना मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"मग परसात शिजवा. घरात न्हाय."

तीन दगडांची चूल पेटली. पातेल्याला बाहेरून राख फासली, कोंबडा तेलात परतला. विलासनं बाटली ओतली तशा वन्सं पदर नाकाला लावून पार गोठ्यापर्यंत मागं सरल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, झालं, आता पातेलं उकिरड्यावर जातंय. पण वाफ निघाली आणि त्या एकेक पाऊल पुढं आल्या. वाकून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ह्यो त्येंचा वास न्हाय," त्या म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या कधी घेत नसत. "चिंचंच्या कोळावानी येतोय."

दोन तास झाले तरी कोंबडा शिजेना, म्हाताराच तो. रस्सा पातळ दिसला म्हणून वन्संनी कुणाला न विचारता दोन मुठी येसर, म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, त्यात टाकलं. विलासनं कपाळाला हात लावला. "आई, अगं, ह्यात मसाला नसतो!"

"आजाऱ्याला घालायचं हाय का? गप."

फ्रान्समधल्या त्या माउलीनं तो रस्सा ओळखला नसता. वन्संनी तळहातावर थेंब घेऊन चाखला आणि पातेलं उचलून थेट घरात गेल्या. विलास सवयीनं ओट्यावर मांडी घालून बसला होता.

"आरं, आत ये की," आतून हाक आली. "तितं कोन वाढंल तुला?"

तो उठला आणि आठ महिन्यांनी उंबरा ओलांडून आत गेला. मी रडले, आणि मग तीन भाकरी खाल्ल्या.

खोली सोडून विलास घरी राहायला आला. त्यानंतर रोज संध्याकाळी तो कामावरून आला की वन्सं दारात त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून जवळ ओढायच्या. आयाबाया म्हणायच्या, किती ही माया! मला मात्र त्यांनी सांगितलं होतं, "माया कसली वैनी, वास बघती." विलासलाही ते ठाऊक होतं. वाइन चाखून थुंकणं हे त्याचं कामच. तो चूळ भरून यायचा, मान वाकवायचा आणि झडती द्यायचा. त्याची स्वतःची पोरं कॉलेजात गेली तरी.

परवा मी पिंपळीला होते. संध्याकाळी विलास आला, दारात थांबला आणि त्यानं मान वाकवली... मला वाटलं, उठून पुढं व्हावं. पण माझ्यानं उठवलं नाही. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग आपला आपणच आत आला.