सुमंगलाबाईंचा फळा

सुमंगलाबाई विद्यापीठात शिकल्या आणि तिथंच ग्रंथालयात नोकरीला लागल्या. नव्या पोरांना जुन्यांचा आधार मिळावा म्हणून त्यांनी ग्रंथालयाच्या दारातल्या फळ्यावर आसपासच्या जिल्ह्यांचा नकाशा काढला होता. कोणता माजी विद्यार्थी कुठं राहतो, ते नाव, गाव, गल्लीसकट खडूनं मांडलेलं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलितांची घरं पेटायला लागली. एका सकाळी दोन अनोळखी माणसं फळ्यावरची नावं बोट लावून वाचताना दिसली. बाईंच्या लक्षात आलं: आडनावावरून जात कळतेच, वर पत्ता आपणच दिलाय! माणसं जाताच त्यांनी ओल्या फडक्यानं फळा पुसून काढला.

दुपारी जुना विद्यार्थी उत्तम आला. मागं बायको, तान्हं पोर. कपड्यांना धुराचा वास.

"बाई, घर जाळलं आमचं. परभणीत ओळखीचं कोण हाय, ते फळ्यावर बघायला आलो."

बाई कोऱ्या फळ्याकडं वळल्या. साऱ्या जिल्ह्यांतली घरं त्यांनी मांडली होती; दलित पोरं दारात आली तर गल्ली काय म्हणेल म्हणून स्वतःचं तेवढं टाळलं होतं.

"माझ्याकडं चला," म्हणत त्यांनी पोर कडेवर घेतलं. भर दुपारी गल्लीतली सगळी दारं उघडी असणार होती.