वहिनीची थांबलेली सुई

सगळी इमारत तिला वहिनीच म्हणायची, आणि त्यात तिच्याहून वयानं मोठी माणसंही आली. ती पडदे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि खिडकीपाशी एक खुर्ची. दारातून आत पाहिलं की आधी कापड दिसायचं, मग त्यामागून वहिनी.

तिला सिनेमाचं वेड होतं असं नाही. जे झालं ते तुरपाईमुळे झालं. पडद्याची खालची दुमड मशीनवर मारली की टीप दिसते, टीप दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून ती हातानं घालावी लागते. एकदा का मांडीपासून जमिनीपर्यंत कापड पसरलं की माणसाला उठता येत नाही. समोर टीव्हीवर जे लागेल ते लागेल. एक सिनेमा संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा, मग तिसरा, आणि कलत्या दुपारी वहिनी कुठल्याकुठे जाऊन पोहोचलेली असायची. नावाजलेले सिनेमे सगळं घर मिळून बघायचं. ज्यांना कुणी वाली नाही ते वहिनीच्या वाट्याला.

विचारलं तर ती मत द्यायची, आणि हातचं राखून देणं तिला जमत नसे. दीपगृहात एकट्या राहणाऱ्या माणसाचा एक सिनेमा होता, जाणकारांनी म्हणे डोक्यावर घेतलेला. वहिनी म्हणाली, "तो एकटा आहे हे त्यानं एकच कप विसळला तेव्हाच मला कळलं. पुढं तासभर तो तेच सांगत बसला." उलट लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा सिनेमा, कुणी नावही न ऐकलेला, चित्र हलायचं, आवाज फाटायचा, तो तिला भारी आवडला. "त्यात नवरा-बायको भांडतात ना, तर ती मध्येच उठून गॅस बंद करून येते आणि मग पुढं भांडते. ज्यानं लिहिलंय ना, त्याचं लग्न झालेलं आहे." घर विकायला काढणाऱ्या दोन बहिणींच्या सिनेमाबद्दल ती एवढंच म्हणाली की शेवट चांगला सापडला होता, पण सापडल्यावर सिनेमा करणाऱ्यांना गप्प राहवलं नाही.

खरं तर ती सिनेमा बघण्यापेक्षा ऐकायचीच जास्त. डोळे टाक्यावर, कान टीव्हीकडे. पण एखादी जागा अशी यायची की सुई कापडात अर्धी रुतून तशीच राहायची आणि वहिनीची मान वर व्हायची. तिला स्वतःला त्याचा पत्ता नसे. घरच्यांना मात्र होता. मग शेजारपाजारचेही दारातून विचारायला लागले, "काय वहिनी, थांबली का सुई?" ती थांबली म्हणजे सिनेमा बघण्यासारखा. याहून सोपं माप कुणाकडे होतं?

तिच्या धाकट्या दिराला हे माप चांगलं ठाऊक होतं. तो आईशी भांडून घराबाहेर पडला होता, सिनेमाच करायचा म्हणून. बरीच वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या सिनेमांत कॅमेरा उचलला. इकडे आईनं अंथरूण धरलं, वहिनीनं तिचं सगळं केलं. धाकटा आला तो आई गेल्यानंतर. थोरल्यानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच, आणि आता कुठं दोघं भाऊ हवापाण्याचं बोलण्याइतपत आले होते. अशात धाकट्यानं स्वतःचा पहिला सिनेमा पुरा केला. तो आईवर होता. दुसऱ्या दिवशी तो एका स्पर्धेला पाठवायचा होता, आणि त्याआधी त्याला वहिनीला दाखवायचा होता.

तो यायच्या आधी नवऱ्यानं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "हे बघ, आत्ता कुठं त्याचं पाऊल घरात पडायला लागलंय. तुझा खरेपणा आजच्यापुरता बाजूला ठेव."

"खोटं बोलू?"

"बोलू नकोस काही. शेवटी शेवटी जरा सुई थांबव. काय ते तो समजून घेईल."

ज्या माणसानं कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही, त्यानं आज मागितलं होतं.

धाकट्यानं आल्याआल्या खुर्ची टीव्हीसमोर ओढली, कापड उचलून बाजूला ठेवलं आणि पाहुण्यांना बसवावं तसं तिला बसवलं. थोड्याच वेळात वहिनीची चुळबुळ सुरू झाली. "भाऊजी, रिकाम्या हातांनी मला काही दिसतच नाही." तो हसला आणि कापड त्यानं पुन्हा तिच्या मांडीवर आणून टाकलं.

सिनेमात एक आई होती, खिडकीशी बसलेली. आवाज मऊ, केस चापूनचोपून बसवलेले. ती रस्त्याकडे बघायची, उसासा टाकायची, आणि कुणी काही दिलं की "असू दे गं, मला काही नको" म्हणायची. वहिनीची सुई आत जात होती, बाहेर येत होती. ही कुणाची आई म्हणायची, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. शेवटी मुलगा वेळेवर येतो, आई त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, "मला ठाऊक होतं रे, तू येशील."

वहिनीनं दाराकडे पाहिलं. नवरा चौकटीला धरून उभा होता. तिनं सुई थांबवली.

धाकटा टीव्हीकडे बघतच नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता. "थांबली," तो म्हणाला. "जमलं म्हणजे. मला एवढीच भीती होती वहिनी, की सिनेमात आई नीट उतरली की नाही."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता, तर वहिनीनं ती लबाडी कशीबशी पचवली असती.

"भाऊजी, सुई थांबली नाही. मी थांबवली."

"अगं," नवरा दारातून म्हणाला.

"उजेड छान पकडलाय तुम्ही. त्या बाईनं कामही चांगलं केलंय. पण त्या आई नाहीत. आई इतक्या हळू कधी बोलल्या? औषधाची वाटी पुढं केली की आधी मला दोन शब्द ऐकवायच्या, मग घ्यायच्या."

धाकट्याचा चेहरा उतरला. "तू होतीस तिथं," तो म्हणाला. "मी नव्हतो. मला कुठून कळणार?"

तेव्हा वहिनीला फार वाईट वाटलं. ती सिनेमाबद्दल बोलली होती, आणि घाव भलतीकडेच बसला होता. पण आता मागं फिरणं नव्हतं.

"वाट तरी बघायची का ती?" त्यानं विचारलं. "खिडकीत बसून?"

"खिडकीकडे पाठ करून बसायच्या. वाट बघतायत हे कुणाला दिसायला नको ना. जिन्यात पाऊल वाजलं की म्हणायच्या, दूधवाला असेल. भर दुपारी. संध्याकाळी. दूधवाला सकाळी येऊन गेलेला असायचा."

"आणि राग?"

"होता."

"शेवटपर्यंत?"

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. "शेवटपर्यंत."

आता हा चपला पायात घालणार, असंच दोघांना वाटलं. पण तो खाली कापडाच्या कडेलाच बसला.

"सगळे मला सांगतात," तो म्हणाला, "आईच ती, केलं असेल माफ. ऐकून ऐकून मी तेच सिनेमात घातलं. पण खरं कधी वाटलं नाही गं. माझी आई, आणि इतक्यात माफ करेल?" तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "काय म्हणायची? तिच्याच शब्दांत सांग."

मग वहिनीनं सांगितलं, आणि सासूबाईंच्याच आवाजात सांगितलं. "'फोटो काढत फिरतोय म्हणे गाढव. स्वतःचं तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून लोकांची दाखवतो.'" धाकटा ऐकत राहिला, आणखी सांग म्हणत राहिला, आणि तीही सांगत राहिली. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी आई बोलत होती.

"मला वेगळंच म्हणायची," नवरा म्हणाला. तो अजून दारातच होता. यातलं काही त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही. "म्हणायची, तो आला तर दार तू उघडायचं नाहीस. कुणीच उघडायचं नाही. मी उठेन, मी उघडेन, आणि मग बघतेच त्याच्याकडे."

धाकट्यानं मान वर केली.

"तेव्हा तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती," थोरला म्हणाला, आणि येऊन त्याच्या शेजारी बसला.