कारवारचं उत्तर

आमच्या बाई नियम मोडण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवत. पस्तीसेक वर्षांपूर्वी जिल्हा कचेरीत नव्याने आलेल्या संगणक केंद्राच्या त्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची ऑपरेटर. गच्चीवर उपग्रहाची तबकडी, खोलीत एसी, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि भिंतीवर दिल्लीहून आलेली पाटी: ‘या जाळ्याचा वापर केवळ शासकीय कामासाठीच करावा.’ तो तसा होतो की नाही हे बघायला कधी कुणी आलं नाही.

इथून देशभर क्षणात निरोप जातात, याचा सुगावा कचेरीला लागायला कितीसा वेळ लागणार! कुणाला मुंबईतला आंब्याचा भाव हवा, कुणाला पुण्याच्या बहिणीची खुशाली. बाई मूळच्या बांद्याच्या. ऑफिसात शुद्ध बोलत, पण नकार मात्र मालवणीत देत. “पोस्ट आसा मां? फोन आसा मां? मगे थंय जा!” ज्याला दुसरा रस्ता आहे त्याला आमची तबकडी बंद. हा नियम त्यांचा स्वतःचा, आणि तो त्या काटेकोर पाळत. भाच्याचा निकाल विचारायला आलेल्या खुद्द मोठ्या साहेबांनाही त्यांनी पोस्टाची वाट दाखवली. मला तर धडकीच भरली होती.

एकदा वादळात फोनच्या तारा तुटल्या आणि तोंडवलीची भागीरथी आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा होडीसकट बेपत्ता होता. खालच्या मजल्यावर तिला सोमवारी अर्ज घेऊन यायला सांगितलं होतं. “बाई, माजो झील खंय आसा, तां इचारा हो!” बाईंनी तिला पाटी वाचून दाखवली. तिला त्यातलं अक्षरही कळलं नाही. मग बाईंनी खुर्ची ओढून कारवारच्या केंद्राला संदेश पाठवला: आमची होडी तुमच्याकडे वाहत आली असेल, बंदरावर चौकशी करावी. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला!

संध्याकाळी उत्तर आलं. मुलगा सुखरूप होता, बंदरावर चहा पीत होता.

पोटभर रडून झाल्यावर भागीरथी म्हणाली, “त्या कारवारच्या मानसाचा नाव काय? त्याच्या नावान देवाक गाराणां घालूचां आसा माका.” गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवापुढची विनवणी. बाई गोंधळल्या. त्या माणसाशी त्यांचं रोजचं काम, पण नाव कधी विचारलं नव्हतं. त्यांनी लगेच विचारलं. पडद्यावर आलं, ‘कामत’.

गेल्या साली बाई गेल्या. अंत्यदर्शनाला गेले तेव्हा बांद्याला त्यांच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ एकटेच उभे होते. घरातलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. मी जवळ जाऊन नाव विचारलं.

“कामत. कारवारचा,” ते म्हणाले. “बाईंना आज पहिल्यांदाच बघितलं.”