सांगली ते सातारा, दिवस बुडायच्या आत

चालत श्रवणबेळगोळला जायचं, असं मी देवळात चारचौघांत बोलून गेलो आणि तिथंच फसलो. खरं तर जायचं होतं माझ्या बायकोला. नाव घ्यायची आमच्यात चाल नाही, म्हणून इथं तिला 'ही' म्हणतो. लग्न होऊन सतरा वर्षं झाली, तेव्हापासून हिच्या मनात एकच होतं, यात्रेच्या संघाबरोबर पायी जाऊन गोमटेश्वराचं दर्शन घ्यायचं. संघाचा नियम असा, की बाईनं एकटीनं यायचं नाही. बरोबर चालणारा नवरा नाहीतर भाऊ हवा. हिला भाऊ नाही. नवरा आहे, पण तो मी आहे.

मी सांगलीच्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी. वीस वर्षं गादीवर बसून माझं बूड तिथंच रुजलेलं. घरापासून पेढी अर्धा मैल, तेवढ्यालाही मला टांगा लागतो, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक. तेव्हा मी पायी यात्रेचं बोललो आणि सबंध सभामंडप हसला. एकटे संघाचे पुढारी आप्पा हसले नाहीत. सत्तरीचे गृहस्थ, तीनदा पायी जाऊन आलेले. ते म्हणाले, "आदी साताऱ्यापतुर चालून दाखव. वाहनात बसायचं न्हाई, दिवस बुडाल्यावर तोंडात काय घालायचं न्हाई. मग दोघांची नावं लिहितो."

सूर्यास्तानंतर आम्ही जैन एरवीही जेवत नाही. पण घरात बसून ते पाळणं सोपं, दिवसाला पंधरा-वीस मैल तुडवून पाळणं म्हणजे काय, ते मला अजून कळायचं होतं.

मग महिनाभर तयारी. महायुद्धातून परत आलेले एक हवालदार आमच्या पेढीवर रखवालदार होते. वाळव्याकडचे मराठा शेतकरी, ब्रह्मदेशाच्या रानात दोन पावसाळे चाललेले. मिशी पिळून त्यांनी मला ताब्यात घेतलं. रोज उजाडताना कृष्णेच्या घाटावर, पाठीला पाच शेर हळद बांधून, डावा-उजवा, डावा-उजवा. न्हायला येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. यात्रेला कातडं चालत नाही म्हणून कॅनव्हासचे बूट घेतले. हवालदारांची एक युक्ती तुम्हीही लिहून ठेवा. पायमोज्यांना आतून कोरडा साबण चोळायचा, म्हणजे फोड उशिरा येतात. येतच नाहीत असं मात्र नाही. हिनं काय तयारी केली म्हणाल, तर काहीच नाही. ही शेतकऱ्याची मुलगी, अनवाणी चालते आणि माझ्या आधी पोचते.

हवालदारांची साताऱ्याला सैन्याच्या कागदपत्रांची काही कामं होती. मोटारीनं जायचं सोडून तेही आमच्याबरोबर चालत निघाले. सामान थोडकंच होतं. दोन-दोन कपडे, तांब्या, पाणी गाळायचं फडकं, ज्वारीचं पीठ, डाळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गुळाची ढेप. पीठ घरूनच घ्या. आपलं रेशनकार्ड दुसऱ्या गावात कोणी विचारत नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी कृष्णेवरचा पूल ओलांडला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. पाठीवर ऊन, दोन्ही बाजूंना ऊस, आणि आज पेढी नाही! मी चक्क पळत सुटलो. हवालदारांनी मागून दम भरला, "दिवाणजी, ऐंशी मैल जायाचं हाय." त्यांनी पलटणीसारखं वेळापत्रक आखलं होतं. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं विसावा, संध्याकाळी आष्ट्याला मुक्काम, आठ वाजता जेवण.

हो, आठ वाजता. कागद मी पाहिला, हिनंही ऐकला, पण ते 'आठ' कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मी टाचांच्या काळजीत, ही आनंदात.

तुंगजवळ गुऱ्हाळ लागलं. या दिवसांत या रस्त्यानं जाणाऱ्यानं पैशाची चिंता करू नये. गुऱ्हाळावर वाटसरूला रस पाजल्याशिवाय सोडत नाहीत. मी तीन तांबे रस प्यालो, वर ऊन-ऊन काकवी चाटली आणि आंब्याखाली आडवा झालो. हिनं चारदा हलवलं. हवालदार घड्याळ दाखवून म्हणत होते, "वैनी, लय येळ हाय. झोपू द्या." आष्ट्याच्या धर्मशाळेत पोचलो तेव्हा ऊन कौलांवर चढलं होतं. हिनं धावपळ करून चूल पेटवली. डाळीला पहिली उकळी आली आणि दिवस बुडाला.

आम्ही दोघं चुलीकडं बघत बसलो. हवालदार मात्र खुशीत होते, जेवणाला अजून दोन तास आहेत म्हणत. मग हिनं त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मलाच वाईट वाटलं. त्यांना मी म्हटलं, तुम्ही जेवा, तुम्हाला कसली आडकाठी? ते म्हणाले, "टोळीतलं येक मानूस उपाशी आसंल तर हवालदार जेवत न्हाई." डाळ शेजारच्या गाडीवानांना दिली आणि तिघेही उपाशी झोपलो. माझ्या पोटातले आवाज धर्मशाळेभर ऐकू गेले असावेत.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकाचा कागद चुलीत गेला. आता हवालदारांचा शत्रू एकच, सूर्य. हात लांब करून ते मावळतीकडं बोटं आडवी धरायचे आणि सूर्य नि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजायचे. एक बोट म्हणजे पाव तास. ही युक्ती घड्याळापेक्षा चांगली, कारण ती मोडत नाही. इस्लामपूर मागं टाकलं, पेठ अजून तीन मैल, आणि मागून हाळी आली, "पाच बोटं!" आम्ही सुटलो. पुढं ही, नऊवारी वर खोचून. मध्ये मी, पोट सांभाळत. मागं हवालदार तोफखान्यासारखे. शेतातली माणसं कामं टाकून बघत होती. एका म्हातारीनं विचारलं, मागं कोण लागलंय? ही पळता-पळता म्हणाली, सूर्य लागलाय, आजी. आणि आम्हाला तिघांना असं हसू फुटलं, की रस्त्याच्या कडेलाच बसावं लागलं. एक बोट तिथं वाया गेलं. पेठला एका शेतकऱ्याच्या ओट्यावर ताज्या भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत मिळालं. मी पाच भाकऱ्या खाल्ल्या, दिवस बुडाला तेव्हा हात धुऊन झाले होते. इतकं गोड जेवण मी लग्नातही जेवलो नाही.

त्यातून आम्ही शहाणपण शिकलो. शेवटच्या मुक्कामावर जेवायचं धरूच नये. दुपार कलली की वाटेतच जिथं विहीर दिसेल तिथं चूल मांडावी, जेवून घ्यावं आणि उरलेलं अंतर भरल्या पोटानं निवांत चालावं. ही आणि हवालदार पुढं जाऊन चूल पेटवायचे, मी मागून माझ्या चालीनं यायचो. तिसऱ्या दिवशी कऱ्हाडला संगमावर पाय पाण्यात सोडले. दोन्ही टाचांना सुपारीएवढे फोड आले होते. हवालदारांनी सुई तापवून फोडातून दोरा ओढला आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी झिरपून जातं. मी बोंबललो. माझा पाय मांडीवर घट्ट धरून बसलेली ही, घाबरलेली दिसत होती. हसत असूनही घाबरलेली. मी पडलो तर हिची यात्रा बुडणार, हे त्या क्षणी मला पुरतं कळलं.

चौथा दिवस उंब्रजपर्यंत, जेमतेम अकरा मैल. पाचवा दिवस वीस मैलांचा, थेट सातारा. ठरल्याप्रमाणे दोघं नागठाण्याला चूल पेटवायला पुढं गेले. अतीतच्या पुढं माझी उजवी टाच संपली. पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं काजवे. मैलाचा दगड धरून उभा होतो, तेवढ्यात ऊस टाकून रिकामी परतणारी बैलगाडी शेजारी थांबली. गाडीवान म्हणाला, "बसा की. तुमचे पाय बघून बैलंबी थांबल्याती."

मी बसलो. खोटं कशाला सांगू, स्वर्गसुख होतं ते. पाचटाच्या गादीवर पाय पसरून मी दीड मैल गेलो. नागठाण्याच्या अलीकडं उतरलो आणि लंगडत विहिरीवर पोचलो. पिठलं-भाकरी तयार होती. दोघांनी माझं इतकं कौतुक केलं, की घास गिळवेना. तरी गिळला. उरलेले दहा मैल कसे गेले ते आठवत नाही. अजिंक्यतारा दिसला, अंधारला, गावात दिवे लागले. साताऱ्याच्या नाक्यावर ही रस्त्यातच थांबली, दोन्ही हात जोडून दक्षिणेकडं वळली. म्हणाली, "सतरा वर्सं झाली. आता जायाचं." गाडीत बसल्याचं मला तेव्हा सांगता आलं नाही.

साताऱ्यात दोन दिवस राहिलो. हवालदारांचे कागद झाले, कंदी पेढे झाले. परतीला सर्व्हिस मोटार मिळते. पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशाच्या गॅसवर चालणारी, चढ आला की उतारूंना उतरवून ढकलायला लावणारी. तिकिटाचे पैसे द्यायचे आणि ढकलायचंही आपणच! पाच दिवसांचा रस्ता सहा तासांत मागं गेला. ही खिडकीतून एकेक जागा दाखवत होती, ती विहीर, ते गुऱ्हाळ, इथं आपण पळालो. माझ्या डोक्यात हिशोब चालू होता. श्रवणबेळगोळ साडेतीनशे मैल. या टाचांनी मी धारवाडच्या पुढं जाणार नाही. तिथं पडलो तर ही मला सोडून पुढं जाईल का? नाही जाणार. खोटं बोलून मी हिला अर्ध्या वाटेवरून परत आणणार होतो.

दुसऱ्या दिवशी देवळात सभा भरली. आप्पांनी वही उघडली आणि विचारलं, चाललास का? सगळा सभामंडप माझ्याकडं बघत होता. बायकांच्या बाजूला मी पाहिलंच नाही.

"दीड मैल गाडीत बसलो, आप्पा. अतीतच्या म्होरं."

कुणी हसलं नाही. आप्पांनी पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटायला घेतली. तेवढ्यात बायकांतून हिचा आवाज आला. वडीलधाऱ्यांसमोर सतरा वर्षं वर मान न केलेली ही, उभी होती. "आप्पा, मानल्याला भाऊ चालतोय का?"

आप्पा काही बोलायच्या आत ही कुंकवाचा करंडा घेऊन दाराकडं गेली. दाराबाहेर चपलांजवळ हवालदार बसले होते. हिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, पदराची किनार फाडून मनगटाला बांधली. ब्रह्मदेशात न डगमगलेला तो गडी मिशीवरून हात फिरवत खाली बघायला लागला.

आप्पांनी त्यांना विचारलं, "रातचं जेवतोस?"

"आष्ट्यापासनं न्हाई."

"परत आल्यावर?"

"न्हाई जी. अक्कांनी कवा इचारलं तर काय सांगायचं?"

वैनीच्या अक्का कधी झाल्या, तेही मला तेव्हाच कळलं. आप्पांनी दोन नावं लिहिली. मग चष्मा वर सारून माझ्याकडं बघत म्हणाले, "सामानाची गाडी संघाच्या म्होरं जाती. दिवस बुडायच्या आत चाळीस माणसांचं जेवण तयार ठेवनारा कोनतरी लागतोय. गाडीत बसायचं तुला जमतंय, आता सैपाक शिक." यावर सभामंडप पुन्हा हसला, पण या वेळी पहिला हसण्याचा आवाज हिचा होता.

आता फाल्गुनात निघायचं आहे. ज्यांना असं काही करायचं मनात आहे त्यांना एवढंच सांगतो, की आधी घराजवळच्या रस्त्यावर स्वतःला तपासून घ्या आणि जे निघेल ते बरोबरच्या माणसाला सांगून टाका. टाचा भरल्या, बूट फाटले, चार शेर वजन उतरलं होतं ते पुन्हा चढलं. टांगा मात्र सोडला. मनातून एक जात नव्हतं. दीड मैलासाठी मी हिच्या सतरा वर्षांवर पाणी फिरवलं असतं. काल चुलीपुढं भाकरी थापायला शिकताना मी हिला तसं बोलून दाखवलं.

ही परातीतलं पीठ माझ्याकडं सरकवत म्हणाली, "ऐंशीतले साडेअठ्ठ्याहत्तर मैल चाललासा की माज्यासाठनं. तेवढं तरी कुनाचा नवरा चालतोय?"

मी खाली मान घालून पीठ मळायला लागलो.