गीझरात ओतलेली कळशी

अगं, अशी जवळ सरक. नव्या घरात कसला गॅस गीझर बसवू म्हणून दुकानदाराला विचारलंस, आणि ही मावशी काय मेली व्हय?

ऐक. आमी आष्ट्याला बंब माळ्यावर टाकून गॅसचा गीझर घेतला, तो खास जावयाच्या पहिल्या दिवाळीसाठी. जावई फौजी, त्याची आंघोळ कशी थाटात व्हायला पाहिजे! तो उटणं लावून न्हाणीत गेला, नळ सोडला. गीझर बाहेरच्या भिंतीवर, त्याच्यापाशी मी. आता बंबातनं गरम पाणी काढलं की वरनं तेवढंच गार ओतायचं, न्हाईतर बंब कोरडा जळतो. जन्मभराची सवय! स्टुलावर चढले, वर गोल तोंड दिसलं, त्यात अख्खी कळशी रिकामी केली.

जाळ फस्सकन विझला.

"आवं मामी, पाणी गार आलं!" आतनं जावई ओरडला. डोक्याला सगळा साबण.

"थांबा बापू, आत्ताच ओतलंय, तापाय येळ लागंल!"

आमचे मालक धावत आले. "अगं, ह्यात पाणी साठत न्हाई, नळाला जाता जाता तापतंय. तू धुराड्यात ओतलंस!"

मग बंब खाली उतरवला. जावई टॉवेल गुंडाळून, साबणासकट, त्याला फुंकर घालत बसला. म्हणाला, "मामी, बर्फातली ड्यूटी लय बरी होती."

तवा गीझर कसला बी घे, पण त्यात पाणी साठतंय का नुसतं वाहतंय, ते आधी विचार. आणि लवकर ये गं आमच्याकडं. बंब अजून खालीच ठेवलाय.