सगळ्यांच्या मागून चालणारे दाजी

आमच्याकडे नवरा-बायको रस्त्यानं निघाले की नवरा चार पावलं पुढं असतो आणि पिशवी बायकोच्या हातात असते. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, कायम मागं असायचे. महाद्वार रोडच्या गर्दीत शिरायचं असो की लग्नाच्या मांडवात, आधी शोभाआक्का, मग त्यांची मुलगी ऋतुजा आणि शेवटी पिशवी घेऊन दाजी. सुरुवातीला मला वाटलं, माणूस लाजाळू असावा. मग एकदा त्यांचं बोलणं ऐकलं आणि तो गैरसमज गेला. उद्यमनगरात त्यांचं शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान होतं. तिथल्या खडखडाटावर आवाज चढवून चढवून त्यांना हळू बोलणं ठाऊकच उरलं नव्हतं.

दर पाडव्याला दाजी आमच्या दोन्ही घरांसमोर एक नवीन काम ठेवायचे. अट अशी की ते काम आमच्यापैकी कुणालाच येत नसावं, आणि ते सगळ्यांनी मिळून करायचं. त्यांची ती घोषणा श्रीखंड ताटात पडायच्या आत व्हायची. कुणी कुरकुर केली की ठरलेलं उत्तर मिळे, "घरातलं एक जरी मागं बसलं तर ते चॅलेंज न्हाय, सहल झाली. सहलीला मला बोलवू नका."

एका वर्षी पोहणं निघालं. कोडोलीच्या बाजूला त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या मळ्यात विहीर होती, तिथं आम्हाला नेलं. पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकतात हे आम्ही पाहिलेलं होतं, पण पन्नाशीकडं झुकलेल्या बायकांनी पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधून पायऱ्यांवर उभं राहणं हा प्रकार त्या मळ्यालाही नवा होता. माझी बायको मंदा अंगानं भारी. ती शेवटच्या पायरीवरून म्हणाली, "दाजी, मी उतरले तर हिरीचं पाणी शेतात जाईल."

"जाऊ दे की! त्याची मोटार माझ्याकडंच दुरुस्तीला हाय. उसाला तेवढंच पाणी हुईल."

मंदा हसता हसता पाण्यात उतरली. आज ती माझ्यापेक्षा बरी पोहते.

दुसऱ्या वर्षी पुरुषांनी भाकरी शिकायची होती. दाजींची भाकरी परातीतून तव्यापर्यंत कधी अखंड पोचली नाही. फाटली की ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "फाटली! शोभा, ही बी फाटली! ह्या घरात सगळ्यात ढ मी हाय, लिहून घ्या!" आपल्याला एखादी गोष्ट जमत नाही हे इतक्या आनंदानं सांगणारा दुसरा पुरुष मी कोल्हापुरात पाहिलेला नाही.

मग चालणं आलं. आधी जोतिबाचा डोंगर, मग पन्हाळा. चालण्यासाठी दाजींनी एक नियम घालून दिला होता. सगळ्यांत सावकाश चालणारं माणूस पुढं आणि सगळ्यांत दमदार शेवटी. मी दूध संघात फॅट तपासतो. दशांशाच्या पुढचा आकडाही मला नीट लागतो. मी म्हणालो, "दाजी, अशानं सगळ्यांचाच वेग सावकाशाइतका होणार. वेळ किती वाढेल?"

"वाढू दे. पावणं, पुढच्याला समदी बघत्यात. मागं ऱ्हायलेल्याला कोण बघत न्हाय. मग त्यो जीव तोडून पळतो न्हायतर गप घरला जातो."

या नियमामुळं मंदा पुढं आली. माहेरी-सासरी, देवदर्शनाला, वरातीत, कायम मागून धापा टाकत येणारी माझी बायको त्या डोंगरावर सगळ्यांच्या पुढं होती, आणि ती थांबली की आम्ही सगळे थांबत होतो. तिच्या मागं गुडघे धरून आक्का, मग मी, ऋतुजा आणि शेवटी दाजी. थोड्या थोड्या वेळानं त्यांची हाक यायची, "हाय मी, चला!"

इथवर मी प्रेमानं लिहिलं, ते खरंच आहे. पण मला या माणसाचा राग येतो आणि तो लपवून लिहिलं तर हे चित्र खोटं ठरेल.

गेल्या थंडीत आम्ही पन्हाळ्यावरून मसाई पठाराकडं निघालो. सकाळची वेळ होती, ऊन कोवळं होतं. दाजी नेहमीसारखे शेवटी. एकदा थांबले, म्हणाले, बुटात खडा गेलाय. थोड्या वेळानं पुन्हा थांबले, पुन्हा खडा. ऋतुजा म्हणाली, "पप्पा, बूट हाय का खडीचा ट्रक?" आम्ही हसलो. तेही हसले आणि हातानं पुढं चला म्हणून खुणावलं. पुढं चढण होती. हाक एकदा आली, "हाय मी, चला." नंतर आली नाही. वर पोचल्यावर ऋतुजानं मागं पाहिलं तर वाट मोकळी होती.

ती धावत खाली गेली, तिच्यामागं मी. एका खडकाला टेकून दाजी बसले होते. बूट पायात होते, नाड्या घट्ट बांधलेल्या. एकही बूट त्यांनी काढलेला नव्हता. ऋतुजानं छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. मोबाइलला रेंज नव्हती. गुराख्यांच्या मदतीनं आम्ही त्यांना गाडीपर्यंत आणलं, तेव्हा आक्का त्यांचा हात धरून सारखं एकच विचारत होती, "खडा हुता न्हवं? खडाच हुता न्हवं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी धरली आणि सोडून दिली.

तिसऱ्या दिवशी दुकानाशेजारचे लेथवाले बाबूराव भेटायला आले. रडत रडत म्हणाले, "वैनी, गेलं दोन म्हैनं शटर वर केलं की छातीला हात लावून पायरीवर बसायचा. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. म्हणाला, घरात बोललास तर तुझं तोंड बघणार न्हाय."

मी ताडकन उठलो. "आणि तुम्ही नाही बोललात?"

"शब्द दिलता, पावणं."

असल्या शब्दाचं काय करायचं? बाबूरावांना मी त्या दिवशी बरंच बोललो, ते परत घेणार नाही. पण माझा खरा राग भिंतीवरच्या फोटोवर होता. मोटार जळून आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला हा माणूस झापायचा, "आवाज बदलल्याला ऐकलास न्हवं? मग बंद का न्हाय केलीस? लोडनं न्हाय जळली, तुझ्या गप बसण्यानं जळली." भाकरी फाटली की अख्ख्या गल्लीला सांगणाऱ्या माणसाला छातीत दुखतंय एवढं बायकोला सांगता आलं नाही. का? तर नियमानं त्याला पुढं यावं लागलं असतं. मंदानं पुढं चालावं, आक्कानं चालावं, त्यात कमीपणा नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र हा गडी दमदाराच्या जागेवर चिकटून बसला. आम्ही सगळे त्याच्या डोळ्यांसमोर सुरक्षित होतो आणि तो एकटाच कुणाच्या नजरेत नव्हता. याला मी त्याग म्हणणार नाही. ही फसवणूक आहे, आणि ती आपल्या माणसांशी केलेली आहे.

लोकांनी त्यावर कळस चढवला. येणारा प्रत्येक जण म्हणे, "भाग्यवान माणूस. चालता-बोलता गेला." आक्कानं पाच-सहा जणांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चालता गेला. बोलला कुठं?" पाहुणे चहा न घेता उठले. गल्लीतल्या मंडळानं चौकात डिजिटल फलक लावला. दाजींचा गॉगल घातलेला फोटो, मागं कुठलातरी बर्फाचा डोंगर आणि खाली 'अखेरच्या श्वासापर्यंत न थांबलेला योद्धा'. ऋतुजानं तो पाहिला आणि मंडळाच्या अध्यक्षाला रस्त्यातच धरलं. "थांबला न्हाय म्हणूनच मेला माझा बाप. ह्यात काय लावायचं हाय चौकात? उतरवा."

"ताई, आदरानं लावलाय."

"आदरानंच उतरवा."

संध्याकाळपर्यंत फलक उतरला.

यंदाच्या पाडव्याला श्रीखंड झालं नाही. पण जेवताना ऋतुजा म्हणाली, "मला ते पठार पुरं करायचंय." आक्कानं ताट सरकवलं. "एकाला खाल्लंय त्या वाटेनं. तुला बी द्यू?" मायलेकींत दोन-तीन आठवडे बोलणं नव्हतं. मग एके दिवशी आक्काचाच मला फोन आला. "ती एकटी जाईल. त्यापरास सगळीच जाऊ." अट एकच, आधी सगळ्यांनी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. आम्ही तपासून घेतलं. माझं रक्तदाबाचं निदान त्यातच झालं आणि मी ते त्याच दिवशी दोन्ही घरांना आकड्यासकट सांगितलं.

पावसाआधी आम्ही गेलो. मंदा पुढं, आक्का तिच्यामागं, ऋतुजा आणि मी शेवटी बरोबरीनं. तो खडक आला तेव्हा कुणी थांबलं नाही. आक्का तिकडं न बघता पुढं गेली. चढण सुरू झाली. निम्म्यावर मंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वाटेवरच्या परक्या लोकांनीही वळून बघावं इतक्या मोठ्यानं ओरडली, "मला दम लागलाय! माझ्या छातीत धडधडतंय! मी बसणार हाय!"

ऋतुजानं तिची नाडी धरली, मी पाणी दिलं. चढणीचीच धडधड होती. पाच-दहा मिनिटांत तिचा चेहरा निवळला.

आक्का मात्र बसली नव्हती. ती मागं वळली होती, आम्ही चढून आलो त्या रिकाम्या वाटेकडं तोंड करून. इतके महिने जे तिनं कुणासमोर केलं नव्हतं ते तिनं तिथं केलं. दोन्ही हात तोंडाशी धरून, दाजींच्या तोडीच्या आवाजात ती खाली ओरडली, "ऐकलासा का? एवढंच म्हणायचं हुतं की वो! एवढंच!"