खुर्चीवरची मांडी

आमच्या शेजारच्या डच बाईंच्या घरी रंगकाम निघालं, म्हणून त्यांनी आपल्या पणजीकडून वारशाने आलेली खुर्ची दोन आठवडे आमच्याकडे ठेवायला दिली. सव्वादोनशे वर्षांची खुर्ची. "बसायला हरकत नाही, फक्त नीट बसा," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हा बाबा पुण्याहून द हेगला आले होते. शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. त्या खुर्चीवर ते एकदाही बसले नाहीत. समोरच्या सोफ्यावर पाय लांब करून, काठी शेजारी ठेवून, तिची चित्रं काढत राहिले. "आधीच्या खुर्च्या म्हणजे नुसती वेलबुट्टी आणि वाकडे पाय," ते सांगायचे. "मग इटलीत राखेखाली गाडलेली रोमन शहरं उकरली आणि लोकांना सरळ रेषेचं वेड लागलं. हे पाय बघ, देवळाचे खांबच, उभ्या खाचांसकट. पाठीत ग्रीकांचं तंतुवाद्य." मी लॅपटॉपमधून मान वर न काढता हं हं करायचो. मला ती खुर्ची म्हणजे नसती जबाबदारी वाटत होती.

आणि मीच ती मोडली. बाबा फिरायला गेले होते, मी घरून काम करत होतो. पोह्यांची बशी घेतली आणि सवयीने खुर्चीवर मांडी ठोकली. पाय खाली सोडून मला खाताच येत नाही. उठताना सगळा भार एका बाजूला गेला आणि पुढचा पाय कडकन तडकला.

बाई खुर्ची न्यायला आल्या. वाकून त्यांनी पायावरून हात फिरवला आणि सरळ विचारलं, "हे कसं झालं?"

"माझ्या वडिलांना खुर्चीवर मांडी घालून बसायची सवय आहे," मी इंग्रजीत सांगून मोकळा झालो. बाबा समोरच बसले होते. त्यांना इंग्रजी चांगलं समजतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबा काठीच्या आधाराने कसेबसे उठले, हात जोडून "सॉरी मॅडम" म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काठीकडे, मग माझ्याकडे. खुर्ची उचलून त्या गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा वहीची पानं चाळत होते.

"मला मांडी घालता येत नाही, त्याला सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "ती बाई रोज लिफ्टमध्ये बघते मला. खोटंच बोलायचं होतं, तर जरा पटेल असं तरी बोलायचंस."

बाबा परत गेले. शेजारचं दार मी अजून वाजवलेलं नाही. बाई लिफ्टपाशी दिसल्या की मी जिन्याने जातो.